ऑपरेशननंतर वडिलांना 'वेड लागलं' म्हणून बांधून ठेवलं – अशा वेळी घरच्यांनी नेमकं काय करायचं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण ही गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आप्पा, माझे वडील, वय ७४. एसटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी कराड–चिपळूण गाडीवर. गेल्या महिन्यात मोरीत पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, संध्याकाळी शुद्धीवर आले, माझ्याशी बोलले, "चहा कधी देतील" असंही विचारलं. आयसीयूत रात्री नातेवाइकांना थांबू देत नाहीत म्हणून आम्ही खाली बाकावर.

दुसऱ्या रात्री दोन-अडीचला वरून फोन, "तुमचे पेशंट आवरत नाहीयेत, या." वर गेले तर दोन्ही हात बँडेजच्या पट्टीनं कॉटच्या कठड्याला बांधलेले. सलाईन उपसून टाकलं होतं म्हणे, लघवीची नळी ओढत होते. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, पुढं सरका, मागं जागा करा." मला ओळखलंच नाही. आणि बांधलेल्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट सारखं मिटतंय उघडतंय, मिटतंय उघडतंय. मला कळेचना काय करतायत. दहा मिनिटांनी कळलं, तिकिटं पंच करत होते.

ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, "आमचं ऑपरेशन व्यवस्थित झालंय, ही आता मानसिक केस आहे, सकाळी मेंटल हॉस्पिटलला हलवायची तयारी ठेवा." आईला तिथंच घेरी आली. तोवर आप्पांना आयुष्यात कधी साधी झोपेची गोळी लागली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुसरे एक फिजिशियन राउंडला आले, त्यांनी रक्त तपासायला लावलं तर सोडियम ११८. (असायला पाहिजे १३५ ते १४५.) बीपीची पाणी काढणारी गोळी चालू होती, त्यात पोटात अन्न नाही. सोडियम सावकाश वर आणलं, आणि सहाव्या दिवशी सकाळी आप्पांनी मला नावानं हाक मारली.

आता घरी आहेत. माझे प्रश्न दोन. एक, हे असं किती जणांबरोबर झालंय, आणि त्या वेळी आपण डॉक्टरांना काय विचारायचं? दोन, साध्या हॉस्पिटलात मनाच्या तक्रारीचा पेशंट आला की सगळे त्याला बाहेर ढकलायलाच का बघतात?

मुगाची_खिचडी
बापरे. तिकिटांचं वाचून गलबलून आलं. काका आता बरे आहेत ना? आधी ते सांगा.

आजोळ
आमच्या सासऱ्यांना बायपासनंतर हेच झालं होतं. त्यांचं किराणा दुकान. रात्रभर आयसीयूत "दोन किलो साखर बांध, उधारी लिहून ठेव" चाललं होतं. आम्हीही घाबरलो होतो, पण तिथल्या सिस्टरनी पहिल्याच रात्री सांगितलं की काकू, हे होतं, चार दिवसांत जाईल. खरंच गेलं. ते एक वाक्य ऐकलं म्हणून आम्ही तरलो.

रेसिडेंट_डॉक
सायकियाट्रीत (मानसोपचारात) एमडी करतोय, सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये. नाइट ड्युटी संपवून लिहितोय, शुद्धलेखन माफ करा.

कृष्णाकाठ, तुमच्या वडिलांना झालं होतं त्याला डिलिरियम म्हणतात आणि तो 'वेड' नाही. मेंदू शरीरातल्या बिघाडामुळे तात्पुरता गोंधळतो. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर साधारण चारातल्या एका म्हाताऱ्या माणसाला होतो, इतका कॉमन आहे. कारणं शंभर – सोडियम कमी, लघवीचं इन्फेक्शन, न्युमोनिया, ऑक्सिजन कमी, शुगर खाली जाणं, दुखणं, बद्धकोष्ठ, नळी तुंबून लघवी साठणं, ट्रॅमाडॉलसारखं वेदनाशामक, अगदी सर्दीची साधी गोळीसुद्धा.

ओळखायची खूण सांगतो, घरच्यांनाही जमते. हा अचानक येतो, तासांत किंवा एक-दोन दिवसांत. आणि चढउतार होतो, सकाळी माणूस बरा बोलतो, दिवे लागणीनंतर बिघडतो. लक्ष टिकत नाही. "आठवड्याचे वार उलटे म्हणा" म्हटलं तर रविवार, शनिवार... आणि मग भलतंच. स्किझोफ्रेनिया ७४व्या वर्षी, ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री, असा सुरू होत नसतो. त्यामुळे तुम्ही विचारायचा प्रश्न एकच, आणि तो ठामपणे विचारा: "डॉक्टर, हे परवापर्यंत पूर्ण बरे होते. हा डिलिरियम असू शकेल का, आणि असेल तर कारण काय शोधताय?"

अजून एक, सगळेच आरडाओरडा करत नाहीत. काही जण गप्प पडून राहतात, जेवत नाहीत, हाक मारली तर उशिरा बघतात. ते कोणाच्या लक्षात येत नाहीत कारण कोणाला त्रास देत नाहीत. घरच्यांना वाटतं थकलेत, झोपू दे. ते जास्त धोक्याचं.

निवांत
डॉक, माहिती चांगली आहे पण एक विचारतो. तुम्ही म्हणता वेड नाही, मग आमच्या आईला अशाच वेळी झोपेचं इंजेक्शन का दिलं? ती त्यानंतर दोन दिवस अजूनच भरकटली.

रेसिडेंट_डॉक
@निवांत, बरोबर पकडलंत. झोपेच्या बऱ्याच गोळ्या-इंजेक्शनं म्हाताऱ्या माणसाचा डिलिरियम वाढवतात. अगदीच नळ्या उपसत असतील, स्वतःला इजा करत असतील तर आम्ही हॅलोपेरिडॉल (भास-गोंधळ शांत करणारं औषध) अगदी थोड्या मात्रेत देतो, तेही ईसीजी बघून. एकच मोठा अपवाद, दारू बंद झाल्यामुळे आलेला डिलिरियम. तिथं लोराझेपाम वगैरे झोपेच्याच गटातलं औषध लागतं, ते नाही दिलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून कारण कळणं महत्त्वाचं.

तिसरी_घंटा
दारूचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचं सांगते, मन मोकळं होईल.

माझ्या नणंदेचे मिस्टर. बाइकवरून पडले, पाय मोडला, ॲडमिट. डॉक्टरांनी कॅज्युअल्टीत विचारलं "दारू पिता का", सासूबाई पटकन म्हणाल्या, "नाही हो, आमच्याकडे तसलं काही नाही." मी शेजारी उभी, मला माहीत होतं रोज क्वार्टर लागते, पण सगळ्यांसमोर कशी बोलू? तिसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, घामानं चादर भिजली, भिंतीवरून मुंग्या येतायत, मुंग्या अंगावर चढतायत म्हणून ओरडायला लागले. वॉर्डात दोन गट झाले, एक म्हणे बाहेरचं आहे, एक म्हणे डोक्याला मार लागलाय. सीटी स्कॅन झाला, नॉर्मल. शेवटी मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "ताई, हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर हे झालंच नसतं." बी वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं आणि औषधं सुरू केली, चार दिवसांत उतरलं.

तीन दिवस मी गप्प राहिले याचं मला अजून वाईट वाटतं. कृपया डॉक्टरांपासून दारू, तंबाखू, झोपेच्या गोळ्या काहीही लपवू नका. तुमची लाज त्यांना बघायची नसते, त्यांना फक्त तास मोजायचे असतात.

रेसिडेंट_डॉक
तिसरी_घंटा, शेवटी बोललात ना, त्यानंच वाचले ते. शेवटच्या पेगनंतर साधारण ४८ ते ७२ तासांत हे येतं, म्हणून "तिसरी रात्र" आमच्या डोक्यात कोरलेली असते. आणि ते बी वन म्हणजे थायमिन, ते ग्लुकोजच्या आधी द्यायचं असतं.

ठाणेकर_१
मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग नसावा. आयसीयूत एक सिस्टर पाच-सहा पेशंट बघते. त्यात एक आजोबा नळी उपसतायत, ताजं ऑपरेशन झालेला पाय खाली टाकतायत. बांधलं नसतं आणि पडले असते तर इथेच धागा आला असता "हॉस्पिटलच्या निष्काळजीपणामुळे वडील पडले". माझी बायको नर्स आहे, रोज बघतो तिची दमणूक.

कृष्णाकाठ
@ठाणेकर, नाही, राग नाही. त्या सिस्टर वाईट नव्हत्या, मला फोन त्यांनीच केला. मला बांधल्यापेक्षा डॉक्टरांच्या त्या वाक्याचं जास्त लागलं, "आमचं ऑपरेशन व्यवस्थित झालंय". आणि बांधलं होतं ते रात्री एकला, सकाळी अकरापर्यंत कोणी सोडून बघितलं नाही. मनगटावर वळ उठले होते.

सिस्टर_लेस्टर
मी मूळची सांगलीची, आता १४ वर्षं इंग्लंडात नर्स आहे, म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात. ठाणेकर म्हणतात ते खरं आहे, माणसं कमी असली की हात बांधले जातात. पण बांधल्यानं माणूस शांत होत नाही हेही तितकंच खरं. तो आणखी झटापट करतो, कारण त्याच्या लेखी त्याला कोणीतरी पकडून ठेवलंय.

इथे काय करतो ते सांगते, यातलं निम्मं तिकडेही फुकटात होण्यासारखं आहे. चष्मा आणि कानाचं मशीन पेशंटला लावा, पिशवीत ठेवू नका! किती घरी बघते, "हरवेल म्हणून घरी ठेवलं". अहो त्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, अनोळखी खोली, अंधार, यंत्रांचे आवाज, कोणीही गोंधळेल. समोर मोठं घड्याळ. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवे कमी. नको असलेली नळी लवकर काढायची. आणि ओळखीचा चेहरा. आमच्याकडे 'धिस इज मी' नावाचं एक पान असतं, अल्झायमर्स सोसायटीनं काढलेलं, त्यात घरचे लिहितात की या माणसाला काय हाक मारायची, काय काम करायचे, काय आवडतं, कशानं घाबरतात. ते पान उशाशी असलं की रात्रपाळीच्या नव्या पोरीलासुद्धा समजतं की समोर कोण आहे.

सायकियाट्रीची टीम मात्र इथे मोठ्या हॉस्पिटलातच बसलेली असते, कॅज्युअल्टीतून बोलावलं की तासाभरात यायचं असं ठरलेलं आहे. पण इथं सगळं गोड आहे असं समजू नका. मानसिक आजाराचा बेड मिळेपर्यंत तरुण पोरं कॅज्युअल्टीत दिवसच्या दिवस बसून असतात, त्या पांढऱ्या दिव्याखाली. बघवत नाही.

मांडवीतीर
गोव्यात आमचं मानसोपचाराचं हॉस्पिटल, आयपीएचबी, बांबोळीलाच आहे, जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) जवळ. माझ्या मावसभावाला फिट्सबरोबर भास व्हायचे, तेव्हा मेडिसिनवाले आणि सायकियाट्रीवाले दोघांनी मिळून बघितलं. अंतर कमी असण्याचा केवढा फरक पडतो. महाराष्ट्रात मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. कराडच्या माणसानं सोडियम कमी झालं म्हणून येरवड्याला जायचं??

रेसिडेंट_डॉक
आणि गेले असते तर तिथल्या डॉक्टरांनी पहिलं काम हेच केलं असतं, रक्त तपासायला परत जनरल हॉस्पिटलला पाठवलं असतं. रात्रीच्या ॲम्ब्युलन्समध्ये अशी माणसं इकडून तिकडे फिरताना मी स्वतः बघितलीत. कॅज्युअल्टी म्हणते "सायकला दाखवा", आम्ही म्हणतो "आधी शारीरिक कारण नाही हे नक्की करा". दोघंही आपापल्या परीने बरोबर, मधे पेशंट.

मनाचा पेशंट जनरल हॉस्पिटलात नको ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे. कलकत्त्याला १९३३ मध्ये आणि आपल्या मुंबईत जेजेला १९३८ मध्ये जनरल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग सुरू झाला होता. आज आमच्या विभागाची ओपीडी मेडिसिनच्या शेजारीच भरते आणि रांगा सारख्याच असतात.

कायदेकानू
वकील आहे, कृष्णाकाठच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम ९४ वाचा. तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, कुठल्याही आरोग्य केंद्रात, ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो, जीवाला धोका असेल किंवा स्वतःला-दुसऱ्याला इजा होणार असेल तर. नामनिर्देशित प्रतिनिधी (पेशंटच्या वतीनं निर्णय घ्यायला नेमलेला माणूस) हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. शॉक ट्रीटमेंट मात्र या कलमाखाली देता येत नाही. म्हणजे "आम्ही सायकियाट्रिस्ट नाही, हात लावणार नाही" याला कायद्याचा आधार नाही. नेमका उलट आधार आहे.

बांधण्याबद्दल. साखळदंड पूर्ण बंद. बाकी बंधन फक्त तातडीची इजा टाळायला, दुसरा उपाय नसेल तर, कमीत कमी वेळ, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, कारण लिहून, आणि प्रतिनिधीला २४ तासांत कळवून. हे नियम मानसिक आजाराच्या आस्थापनांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेत, पण ऑर्थोच्या आयसीयूत तुम्ही एवढं नक्की विचारू शकता: कोणी सांगितलं, कुठे लिहिलंय, परत कधी बघणार?

मुगाची_खिचडी
कायदेकानू, हे छापून पर्समध्ये ठेवते. आणि इन्शुरन्सचं काय? आमचा सायकियाट्रिस्टचा खर्च क्लेममधून कापला होता.

कायदेकानू
त्याच कायद्याचं कलम २१(४). शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्यायचा. लेखी कारण मागा, मग तक्रार करा. सविस्तर वेगळ्या धाग्यावर लिहीन, इथे विषय भरकटेल.

आजोळ
अवांतर: आमच्या सासूबाईंनी त्या वेळी दृष्ट काढायचा हट्ट धरला होता, मीठ-मोहऱ्या घेऊन आयसीयूच्या दारात! मी चिडले होते पण सिस्टर म्हणाल्या, काढू द्या आजींना बाहेरच्या बाहेर, त्यांच्या जिवाला बरं वाटेल.

निवांत
दृष्ट काढायला हरकत नाही, पण आमच्या गावात याच वेळेत पेशंटला हॉस्पिटलातून उचलून देवळात नेतात त्याचं काय. माझ्या चुलत बहिणीला उलटीचं इंजेक्शन दिलं होतं. तासाभरात तिची मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले ते खालीच येईनात, जीभ बाहेर. वय १९. आख्खी कॅज्युअल्टी जमली, एक जण म्हणाला अंगात आलंय, एक डॉक्टर म्हणाले नाटक करतेय, परीक्षा असेल. काकांनी गाडी काढली, न्यायचं ठरलं. तेवढ्यात एक वयस्कर सिस्टर आल्या, केसपेपर बघितला, म्हणाल्या, "हे इंजेक्शनमुळे झालंय." दुसरं इंजेक्शन दिलं, वीस मिनिटांत पोरगी उठून पाणी पिऊ लागली. ती सिस्टर नसती तर?

रेसिडेंट_डॉक
याला ॲक्यूट डिस्टोनिया म्हणतात. उलटीच्या मेटोक्लोप्रमाइडनं होतं, आमच्या हॅलोपेरिडॉलनंही होतं, तरुण मुलामुलींमध्ये जास्त. फेनरगन (ॲलर्जीवरचं इंजेक्शन) दिलं की सुटतं. आणि "नाटक" हा शब्द कॅज्युअल्टीतून हद्दपार व्हायला हवा. तरुण मुलगी आठवड्याभरात अचानक बदलली, भास, मधेच ताठ होणं, फिट, असं असेल तर मेंदूला सूज असू शकते. अँटी-एनएमडीए एन्सेफलायटिस नावाचा आजार २००७ मध्ये ओळखला गेला, त्याआधी अशा किती मुली मनोरुग्णालयात गेल्या असतील या विचारानं मला झोप येत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
मी यवतमाळकडचा. इथं सगळे म्हाताऱ्या माणसांचं लिहून राहिले, मी माझ्या लहान भावाचं लिहितो. नाव नका विचारू.

दोन वर्षांमागं त्यानं फवारणीचं औषध घेतलं. तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला, मधे सगळा रस्ता मायनं त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. तिथं ॲट्रोपिन, म्हणजे त्या विषावरचा उतारा, चालू केलं. दुसऱ्या दिवशी तो हवेत काहीतरी पकडू लागला, तोंड लाल, अंग तापलेलं, मायले ओळखे ना. माय म्हणे, जीव वाचला पण पोरगं पिसाट झालं. डॉक्टरनं समजावलं की हे ॲट्रोपिनचं आहे, डोस कमी करतो, आणि तसंच झालं. त्या डॉक्टरचे उपकार फिटणार नाहीत.

पण माझं दुखणं पुढचं आहे. नऊ दिवस तो तिथं होता. पोलीस येऊन जबाब घेऊन गेले. नऊ दिवसांत एकानंही त्याले विचारलं नाही, "का घेतलं बा?" डिस्चार्जच्या दिवशी एक जण म्हणाला, "पुन्हा असं करू नको, आईबापाचा विचार कर." तो मान खाली घालून उभा. छातीत दुखते म्हणून गेलेल्या माणसाले हृदयाच्या डॉक्टरकडे धाडल्याशिवाय सोडतात का?

मुगाची_खिचडी
दादा, शब्द नाहीत. भाऊ कसा आहे आता?

वऱ्हाडी_ठेचा
बरा आहे. गावच्या आशाताईनं पिच्छा पुरवला, दर महिन्याले घरी येऊन बसायची, चहा प्यायची, त्याच्याशी बोलायची. मग सिव्हिलच्या मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं. गोळ्या चालू आहेत. यंदा त्यानं स्वतः तूर पेरली.

रेसिडेंट_डॉक
ठेचाभाऊ, तुमच्या आशाताईंनी केलं त्याचा अभ्यास झालाय. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत, आपल्याकडे चेन्नईला, स्वतःला संपवायचा प्रयत्न करून इमर्जन्सीत आलेल्या १,८६७ लोकांवर केला, २००८ मध्ये छापून आला. अर्ध्या लोकांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याशिवाय डिस्चार्जच्या सुमारास तासभर बसून बोलणं, आणि नंतर १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. दीड वर्षानंतर नेहमीच्या उपचारवाल्या गटात आत्महत्येनं गेलेले २.२ टक्के, बोलणं-भेटणं झालेल्या गटात ०.२ टक्के. महागडं मशीन नाही, नवीन औषध नाही. कोणीतरी विचारायला येणं.

"विचारलं तर डोक्यात कल्पना येईल" ही भीती खोटी आहे. विचारल्यानं ओझं हलकं होतं. आम्ही विचारतोच: मरावंसं वाटतं का, अजूनही वाटतं का, घरी ते औषध अजून आहे का. घरच्यांसाठी, औषधाचे डबे घरातून हलवा, कुलपात ठेवा. आणि अशा वेळी पेशंट "मला आता बरं वाटतंय" म्हणाला तरी घरी नेऊ नका. उंदीर मारायच्या काही पेस्टमध्ये पहिले एक-दोन दिवस माणूस ठणठणीत दिसतो, लिव्हर नंतर बसतं.

ज्यांना आत्ता या क्षणी जड जातंय त्यांनी १४४१६ ला फोन करा, टेलि-मानस, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

कायदेकानू
पोलिसांच्या जबाबाबद्दल पुरवणी. त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं, आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य. नव्या न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणायला केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. एमएलसी (हॉस्पिटलची पोलिसांकडे नोंद) होते, पोलीस येतात, पण "केस होईल" या भीतीनं खासगीत लपवून उपचार करू नका, त्यात तास वाया जातात.

ठाणेकर_१
बायकोला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणते पट्टी बांधण्यापेक्षा नातेवाईक शेजारी बसवला तर तिलाही हवाच आहे, पण आयसीयूचा नियम तिच्या हातात नाही. उद्या मॅट्रनकडे विषय काढते म्हणाली, डिलिरियमच्या पेशंटपाशी एक घरचा माणूस रात्री बसू द्या म्हणून. मी आधी जरा तोडून बोललो होतो, कृष्णाकाठ.

कृष्णाकाठ
ठाणेकर, वहिनींना माझा नमस्कार सांगा. खरंच.

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. वऱ्हाडी_ठेचा, तुमच्या आईचं वाचून माझी आई रडली.

एक राहिलंय ते विचारते, डॉक किंवा सिस्टर सांगा. आप्पा आता पूर्ण शुद्धीत आहेत, पण गप्प गप्प असतात. परवा मनगटाकडे बघत म्हणाले, "मला चोरासारखं बांधलं होतं का गं?" मी विषय बदलला. मला वाटलं होतं त्यांना काही आठवत नसेल. त्यांना सांगायचं का सगळं? की विसरू द्यायचं?

सिस्टर_लेस्टर
सांगा. तुकडे तुकडे आठवतात लोकांना, आणि तेवढेच भयानक असतात, कारण मधलं कोणी जोडून देत नाही. माझा एक पेशंट सहा महिने समजत होता की त्याला तळघरात कोंडलं होतं. त्यांना शरम वाटते की आपण काय बोललो, कोणाला शिव्या दिल्या. घरच्यांनी सांगितलं की सुटतात.

रेसिडेंट_डॉक
+१. "तुमचं डोकं फिरलं नव्हतं, रक्तातलं मीठ कमी झालं होतं" या भाषेत सांगा. आणि एक जपा, एकदा डिलिरियम होऊन गेलेल्याला पुढच्या आजारपणात परत होऊ शकतो. पुढे कधीही ॲडमिट करायची वेळ आली तर पहिल्याच दिवशी सांगा, मागे झालं होतं. ती पाणी काढणारी गोळी बंद झालीये ना, तेही बघा.

कृष्णाकाठ
*(बारा दिवसांनी)*
सांगितलं. रविवारी दुपारी, आई झोपली होती तेव्हा. सगळं सांगितलं, तिकिटांचंसुद्धा. आप्पा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पोफळीला गाडी थांबत नव्हती. मी बेल मारतोय मारतोय, दोरी हाताला लागतच नव्हती." आणि मग आपणहून बोलत राहिले, अर्धा तास. म्हणाले सगळ्यात जास्त भीती त्याची वाटली, गाडी घाटात आहे आणि आपल्याला थांबवता येत नाही.

मग मला चौथ्या रात्रीच्या मावशी आठवल्या. आप्पा उठायला धडपडले की त्या यायच्या, कॉटच्या लोखंडावर चमच्यानं एकदा टण् करायच्या आणि म्हणायच्या, "मास्तर, गाडी थांबलीय. बसा." आणि आप्पा खरंच बसायचे. त्या रात्री हात मोकळे होते. तेव्हा मला ते नुसतं गमतीचं वाटलं होतं.

तिसरी_घंटा
काय बाई आहे त्या मावशी. डॉक, असं त्यांच्या भासात शिरून बोललेलं चालतं का?

रेसिडेंट_डॉक
हुज्जत घालायची नाही, आणि भास वाढेल असंही काही बोलायचं नाही, असं आम्हाला शिकवतात. मावशींनी दोन्ही केलं नाही. त्यांनी गाडी थांबवली. मी हे माझ्या ज्युनियर्सना सांगणार आहे.

मुगाची_खिचडी
कृष्णाकाठ, एक विनंती. पुढच्या महिन्यात माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, वय ७८. सिस्टर_लेस्टर म्हणाल्या तसं पान करून उशाशी लावायचंय. तुम्ही काकांसाठी केलंत का? नमुना मिळेल?

कृष्णाकाठ
केलंय, फाइलला टाचून ठेवलंय, परत वेळ आली तर. भावानं मोठ्या अक्षरात लिहिलं. जसंच्या तसं देते:

यांना आप्पा म्हणा. कंडक्टर होते, मास्तर म्हटलं तरी चालेल.
चष्म्याशिवाय दिसत नाही, चष्मा उशीखाली ठेवलाय, सकाळी लावा.
डाव्या कानानं कमी ऐकू येतं, उजवीकडून बोला.
मागच्या ऑपरेशननंतर सोडियम ११८ होऊन डिलिरियम झाला होता. पाणी काढणारी गोळी देऊ नये.
दारू नाही. तंबाखू होती, २००९ ला सोडली.
चहा बिनसाखरेचा, पण गरम पाहिजे.
हात बांधायच्या आधी आम्हाला बोलवा, आम्ही खाली बाकावरच आहोत.
रात्री उठायला लागले तर कॉटवर एकदाच टण् करा आणि गाडी थांबली म्हणा. दोनदा वाजवू नका, डबल बेल झाली की ते निघतात.